मद्यमुक्तीच्या परस्परसाहाय्य-सभा

मद्यमुक्तीच्या परस्परसाहाय्य-सभा : मद्यपाशात सापडलेल्या व त्यातून सुटू इच्छिणाऱ्या व्यक्तींनी एकमेकांना आधार देण्यासाठी नियमितपणे भरविलेल्या बैठका. या बैठकांत वैद्य, समाजसेवक वा उपदेशक यांना मध्यवर्ती स्थान नसते. ज्याने मद्य सोडले आहे व ज्याला ते सोडावयाचे आहे, असे समदुःखी लोक एकत्र येऊन आपापला अनुभव सांगतात व ऐकतात. अशा सभांचे सर्वांत व्यापक रूप म्हणजे ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ (निनावी मद्यासक्त, संक्षेपाने ए. ए.) ही संघटना होय. तिच्या सभा जगातील सु. १८० देशांत भरतात. महाराष्ट्रात या सभांबरोबरच व्यसनमुक्ती केंद्रांनी चालविलेल्या पाठपुरावा-सभा आणि मद्यासक्तांच्या पत्नींचे आधारगटही आढळतात. [⟶ दारूबंदी, मद्यासक्ती].

मद्यावलंबन व सभेची गरज : मद्यपान करणारी प्रत्येक व्यक्ती मद्यासक्त नसते. मद्याची अनावर ओढ, एकदा सुरुवात केल्यावर थांबण्याची असमर्थता, पूर्वीइतका परिणाम साधण्यासाठी वाढवावे लागणारे प्रमाण, मद्य न मिळाल्यास होणारा शारीरिक त्रास आणि दुष्परिणाम दिसत असूनही पिणे चालू राहणे, ही मद्यावलंबनाची प्रमुख लक्षणे होत. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५६ मध्ये मद्यासक्ती ही वैद्यकीय उपचारांस पात्र अशी अवस्था असल्याचे मान्य केले. तीपूर्वी व नंतरही सामान्य समजूत मात्र ती दुबळ्या मनाची किंवा वाईट चालीची खूण होय, अशीच राहिली.

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, भारतातील १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४·६ टक्के लोक, म्हणजे सु. १६ कोटी व्यक्ती, मद्यपान करतात. पुरुषांत हे प्रमाण २७·३ टक्के, तर स्त्रियांत १·६ टक्के आढळले. सु. ५·७ कोटी व्यक्तींचे मद्यपान हानिकारक वा अवलंबनाच्या पातळीचे असून त्यांना मदतीची गरज आहे. मद्यावलंबी झालेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीलाच कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे या पाहणीत दिसून आले. रुग्णालये व मनोविकारतज्ञ यांच्या संख्येवरून पाहता ही उणीव केवळ वैद्यकीय यंत्रणेने भरून निघणे कठीण आहे. शिवाय रुग्णालयातील उपचार काही आठवड्यांत संपतात. मद्याची ओढ मात्र पुढे महिनोन्‌महिने, कधीकधी वर्षानुवर्षे, टिकते. रुग्णालयातून घरी परतल्यानंतरच्या या दीर्घ काळात सभेचा उपयोग होतो.

उगम व विकास : मद्यासक्तांनीच एकमेकांना सावरावे, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातही दिसते. अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरात १८४० मध्ये काही मद्यपींनी ‘वॉशिंग्टनियन’ चळवळ सुरू केली. ती झपाट्याने पसरली. परंतु राजकारण व दारूबंदीचे वाद यांत ओढली जाऊन काही वर्षांतच विरली.

ए. ए. चा उगम दोन व्यक्तींच्या भेटीत आहे. न्यूयॉर्क येथील रोखेबाजारातील व्यावसायिक विल्यम ग्रिफिथ विल्सन (१८९५–१९७१) हे मद्यापायी पुरते खचले होते. डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात असताना त्यांचे मद्य सुटले. त्यानंतर ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या धार्मिक मंडळाच्या प्रभावाखाली त्यांनी सहा महिने इतर मद्यपींना सुधारण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी एकही टिकला नाही. तथापि या सर्व काळात विल्सन स्वतः मात्र मद्यापासून दूर राहिले. मे १९३५ मध्ये ओहायओ राज्यातील ॲक्रन या गावी एक व्यवहार फसल्यामुळे ते निराश झाले. हॉटेलच्या दिवाणखान्यातून एकीकडे मद्यगृह दिसत होते आणि दुसरीकडे दूरध्वनी होता. दुसऱ्या कोणा मद्यपीशी बोलल्याखेरीज आपला निभाव लागणार नाही, हे जाणून त्यांनी दूरध्वनी करण्यास सुरुवात केली. त्यातून रॉबर्ट होलब्रुक स्मिथ (१८७९–१९५०) या मद्यासक्त शल्यचिकित्सकाशी त्यांची गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या अटीवर ठरलेली ही भेट कित्येक तास चालली. विल्सन यांनी स्मिथ यांना उपदेश केला नाही. केवळ आपली कहाणी सांगितली, आणि ही भेट आपल्यालाच हवी होती, हेही सांगितले.

स्मिथ यांनी यानंतर एकदा पुन्हा मद्य घेतले. १० जून १९३५ हा त्यांच्या अखेरच्या मद्यपानाचा दिवस समजला जातो व तोच संघटनेचा स्थापनादिन मानतात. एका मनुष्याच्या पुनःपतनानंतरचा दिवस हा स्थापनादिन ठरावा, यातच या चळवळीची दृष्टी दिसून येते. घसरलेल्याला तीत दोषी धरले जात नाही व परत येणाऱ्यास वाट मोकळी असते.

संघटनेचे ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ याच नावाचे मूलग्रंथ मानले जाणारे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकात मार्च १९४१ मध्ये आलेल्या लेखामुळे तिचे नाव अमेरिकेत सर्वतोमुखी झाले. उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे १९३८ मध्ये मोठ्या देणगीची अपेक्षा करण्यात आली होती. त्यांनी अल्प रक्कमच दिली व पैशाने हे कार्य बिघडेल, असे मत व्यक्त केले. पुढे बाहेरची देणगी न स्वीकारणे हे संघटनेचे एक तत्त्वच बनले. सभांच्या कारभाराविषयीच्या ‘बारा परंपरा’ १९४६ मध्ये प्रथम मांडण्यात आल्या व १९५० मध्ये क्लीव्हलंड येथील अधिवेशनात त्या स्वीकारल्या गेल्या.

भारत व महाराष्ट्र : भारतात ए. ए. चे कार्य १९५७ मध्ये सुरू झाले. संघटनेचे भारतातील मध्यवर्ती सेवा-कार्यालय मुंबईत असून संघटनेचे साहित्य मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. ज्या मुंबई राज्यात हे कार्य वाढले तेथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्यपान हाच गुन्हा ठरविला होता. महाराष्ट्रात पुढे हे निर्बंध सैल झाले. मात्र वर्धा व गडचिरोली हे जिल्हे मद्यबंदीखाली राहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ या काळात बंदी होती. ए. ए. ही संघटना आपल्या परंपरांनुसार दारूबंदीच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणतेही मत देत नाही. मद्याची दुकाने बंद करविणाऱ्या महिलांच्या चळवळी किंवा प्रचारकार्य करणारे नशाबंदी मंडळ यांहून तिचे क्षेत्र वेगळे आहे. दुकान उघडे असो वा बंद असो, पिणाऱ्याने आजचा दिवस कसा काढावा, एवढाच तिचा विषय असतो.

मुंबईतील वांद्रे येथे फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ स्थापन केले व ए. ए. च्या पायऱ्यांना योगाभ्यासाची जोड दिली. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र’ सुरू झाले. मनोविकारतज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट व त्यांचे पती, लेखक-पत्रकार डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी ते उभे केले, पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या देणगीने त्यास चालना मिळाली. मूळ प्रेरणा ‘गर्द’ या मादक द्रव्याच्या प्रसारातून आली असली, तरी पुढे तेथे येणाऱ्यांत मद्यासक्तांची संख्या मोठी राहिली. बऱ्या झालेल्या रुग्णांनीच नव्या रुग्णांची देखभाल करावी, ही तेथील पद्धत परस्परसाहाय्याच्या तत्त्वावरच आधारलेली आहे. केंद्रातून बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुरावा-सभा व पत्नींसाठी ‘सहचरी’ हे गट चालविण्यात येतात.

खानदेशातील पूर्वपरंपरा : धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांचा मिळून बनलेला खानदेश समूहाने मद्यत्याग करण्याच्या घटनांना अपरिचित नाही. सातपुड्याच्या व सह्याद्रीच्या डोंगराळ भागांत मोहाची दारू ही भिल्ल, पावरा इ. आदिवासी जमातींच्या देवकार्याचा व सणसमारंभांचा भाग होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर घरगुती गाळपावर बंधने आली व दारूचा व्यापार मक्तेदारांच्या हाती गेला. त्यामुळे मद्यपानाबरोबर कर्जबाजारीपणाही वाढला. १९२२–२३ मध्ये खानदेशाला लागून असलेल्या दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात ‘देवी’च्या आदेशाने हजारो लोकांनी मद्य सोडले. पश्चिम खानदेशात तळोदे तालुक्यातील मोरवड (रंजनपूर) येथे १९३८ मध्ये गुलाम महाराज या भिल्ल सत्पुरुषाने सामुदायिक आरतीची प्रथा सुरू केली. तीसाठी दूरदूरच्या पाड्यांवरून लोक पायी येत व मद्य सोडल्याचे जाहीर करीत. एकमेकांस ‘आप’ म्हणून संबोधणे हे या पंथाचे वैशिष्ट्य होते. त्याच वर्षी गुलाम महाराजांचे निधन झाले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे चालविले. मैदानी भागात वारकऱ्यांची माळ घालून दारू सोडणे, ही वाट आजही परिचयाची आहे.

या परंपरा व ए. ए. ची सभा यांत एक मर्मभेद आहे. माळ, आरती किंवा ग्रामदेवतेसमोरची शपथ यांतील मद्यत्याग जाहीर असतो व त्याला गावाचे डोळे साक्षी असतात. हे साक्षित्व अनेकांना बळ देते. परंतु शपथ मोडली, तर तेच डोळे बोचू लागतात. माळ उतरवावी लागलेला मनुष्य पुन्हा माळ मागावयास सहसा जात नाही. सभेत आयुष्यभराची शपथ घेतली जात नाही; केवळ आजच्या दिवसापुरता संकल्प केला जातो. त्याला साक्षी असतात तेही स्वतः अनेकदा घसरलेले असतात. ज्यांच्या शपथा वारंवार मोडल्या आहेत, त्यांच्यासाठी हा भेद निर्णायक ठरतो.

सभेचे स्वरूप : सभा सामान्यतः आठवड्यातून एक वा अधिक वेळा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी भरते व एक ते दीड तास चालते. जागा बहुधा शाळेचा वर्ग, चर्च वा मंदिराशी संलग्न खोली, रुग्णालयातील दालन किंवा समाजमंदिर अशी साधी व अल्प भाड्याची असते. अशा जागेत सभा भरते म्हणून ती त्या धर्माची वा संस्थेची होत नाही. ‘बंद’ सभा केवळ मद्यासक्तांसाठी असते, तर ‘खुल्या’ सभेस कुटुंबीय, डॉक्टर, विद्यार्थी वा जिज्ञासू यांनाही येता येते.

प्रारंभी क्षणभर शांतता पाळून शांतिप्रार्थना म्हणतात. ती अमेरिकन धर्मचिंतक राइनहोल्ड नीबर यांच्या नावाशी निगडित आहे. मग सूत्रसंचालक संघटनेचे उद्देश वाचून दाखवितो व एकेकास बोलण्यास पाचारण करतो. बोलणारा आपले पहिले नाव सांगून आपण मद्यासक्त असल्याचे म्हणतो. इतर त्याचे नाव घेऊन त्यास प्रतिसाद देतात. पूर्वी काय होते, काय घडले व आता कसे आहे, असा या निवेदनाचा सर्वसाधारण क्रम असतो. सभासद यास ‘शेअरिंग’ म्हणतात. बोलणाऱ्यास मध्ये तोडत नाहीत, त्यास सल्ला देत नाहीत व त्याच्या कथनावर वादही घालत नाहीत. बोलण्याची सक्ती नसते. नवागताने केवळ ऐकून परत जाणेही रीतीस धरून असते. बोलण्याची भाषा वक्त्याची स्वतःची असते. घरी अहिराणी बोलणाऱ्यास अहिराणीतून मन मोकळे करण्यास कोणताही नियम आड येत नाही. किंबहुना बायकोशी झालेले भांडण किंवा मुलाच्या नजरेतील भीती यांविषयी बोलताना मनुष्य आपोआप घरच्या भाषेकडे वळतो.

केवळ पहिले नाव सांगण्याच्या प्रथेचा महाराष्ट्रात आणखी एक परिणाम होतो. आडनावावरून जात व गाव ओळखण्याची सवय सर्वत्र असल्यामुळे आडनाव गळताच ती ओळखही मागे पडते. प्राध्यापक, हमाल, शेतकरी, वकील व रिक्षाचालक एकाच सतरंजीवर बसू शकतात, याचे हे एक कारण होय.

सभासदत्वासाठी मद्य सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. प्रवेशशुल्क, वर्गणी, अर्ज वा हजेरीपट नसतो. अखेरीस पेटी वा पिशवी फिरविण्यात येते. तीत ज्यास जमेल त्याने जमेल तेवढे टाकावे. नवागताकडून पैशाची अपेक्षा नसते. जमलेल्या रकमेतून भाडे, चहा व पुस्तके यांचा खर्च भागतो. मद्यमुक्तीस एक वर्ष वा अधिक काळ पूर्ण करणाऱ्यांचा ‘वाढदिवस’ सभेत साजरा होतो. अनुभवी सभासद नवागतास मार्गदर्शक (स्पॉन्सर) म्हणून लाभतो व ओढ अनावर झाल्यास कोणत्याही वेळी दूरध्वनी करण्याची त्यास मुभा देतो.

संघटनेच्या ‘बारा पायऱ्या’ हा व्यक्तीसाठी सांगितलेला क्रम होय. मद्यापुढे आपण हतबल असल्याची कबुली, आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास, स्वतःच्या दोषांची प्रामाणिक नोंद व ती दुसऱ्यास सांगणे, ज्यांना दुखावले त्यांची शक्य तेथे भरपाई करणे आणि अखेर इतर मद्यासक्तांपर्यंत हा संदेश पोहोचविणे, असे त्यांचे सार आहे. मोठी शक्ती कोणती, हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते. कोणी विठ्ठल मानतो, कोणी अल्ला, तर ईश्वर न मानणारा सभेलाच ती शक्ती समजतो.

सभेचा शोध व पहिली उपस्थिती : सभा शोधण्याचे तीन सर्वसाधारण मार्ग आहेत. ए. ए. चे मुंबई येथील सेवा-कार्यालय व विभागीय संपर्क-क्रमांक यांवरून जवळच्या गटाची जागा व वेळ कळते. शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभाग वा व्यसनमुक्ती केंद्र येथूनही ही माहिती मिळू शकते. याखेरीज सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी व २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ (१४४१६) ही मानसिक आरोग्यसेवा उपलब्ध आहे. गटांच्या जागा व वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून खात्री करून घेणे इष्ट असते. बंद दारापाशी जाऊन परतलेला नवागत पुन्हा येईलच, याची शाश्वती नसते. कोरोना महामारीच्या काळापासून (२०२०) दूरदृश्य माध्यमावरील सभाही रूढ झाल्या आहेत. जवळपास गट नसलेल्या खेडेगावातील मद्यासक्तास त्यांचा लाभ होतो.

पत्ता मिळाल्यावरची अडचण अधिक बिकट असते व ती लहान शहरांत विशेष जाणवते. धुळे शहरात पांझरा नदीच्या उत्तर तीरावर असलेले देवपूर हे उपनगर याचे चांगले उदाहरण होय. महाविद्यालये, शाळा व नोकरदारांच्या वसाहती यांनी बनलेल्या अशा वस्तीत शेजारी, सहकारी, नातलग व मुलांचे शिक्षक हे एकाच वर्तुळातील लोक असतात. एखादी व्यक्ती कोणत्या जिन्याने वर गेली, हे संध्याकाळपर्यंत तिच्या घरी कळू शकते. मुंबईसारख्या महानगरात निनावीपण गर्दीमुळे आपोआप लाभते. देवपुरात ते सभासदांच्या वचनावरच अवलंबून असते.

तथापि या संकोचाचे स्वरूप नीट पाहणे आवश्यक आहे. मद्यासक्ताचे पिणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बहुधा आधीच ठाऊक असते. त्याला जे लपवावेसे वाटते, ते सोडण्याचा प्रयत्न हे होय. कारण प्रयत्न फसल्यास पूर्वीच्या मोडलेल्या शपथांत आणखी एकीची भर पडते व हसे होते. सभेचे निनावीपण पिण्यावर पांघरूण घालण्यापेक्षा या नव्या, नाजूक प्रयत्नाला संरक्षण देते. सभेत ओळखीचा मनुष्य भेटेल, ही भीतीही याच दृष्टीने तपासता येते. तेथे भेटणारा ओळखीचा मनुष्य त्याच कारणासाठी आलेला असतो. दोघांनाही एकमेकांचे गुपित राखण्याची सारखीच गरज असते.

ज्यांना हा संकोच ओलांडणे अशक्य वाटते, ते प्रारंभी परगावच्या सभेस जाणे पसंत करतात. धुळ्याहून मालेगाव सु. ५० किमी., तर जळगाव सु. ९० किमी. आहे व एस. टी. बसने जाऊन त्याच दिवशी परत येता येते. परंतु पहिल्या तीन महिन्यांत वारंवार उपस्थित राहणे श्रेयस्कर मानतात व त्या दृष्टीने जवळची सभाच अधिक उपयोगी ठरते. पहिल्याच सभेवरून मत न बनविता काही सभांस, शक्य तर वेगवेगळ्या गटांच्या सभांस, जाऊन पाहावे, असा संकेत आहे. सभेला जाण्यापूर्वी गटातील एखाद्या सभासदास दूरध्वनी केल्यास तो बहुधा स्वतः दाराशी येऊन थांबतो वा नवागतास सोबत घेऊन जातो. नवागतास मदत करणे हा त्याच्या स्वतःच्या मद्यमुक्तीचा भाग असल्याने यात उपकाराची भावना नसते.

आखाजी, पोळा, होळी, लग्नसराई, तसेच कापूस वा केळी विकून रोख पैसा हाती येण्याचे दिवस हे खानदेशात घसरण्याच्या दृष्टीने विशेष धोक्याचे असतात. अशा दिवशी सभेस जाणे किंवा दुसऱ्या सभासदाच्या सोबतीत राहणे हितावह असते.

वैद्यकीय दक्षता : सभा हा वैद्यकीय उपचारांस पर्याय नव्हे. दीर्घकाळ व रोज मोठ्या प्रमाणात मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास काही तासांतच हातांस कंप, घाम, अस्वस्थता व निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. साधारणतः दोन ते चार दिवसांत भ्रम, भास व तीव्र कंप असलेली ‘कंपोन्माद’ ही प्राणघातक ठरू शकणारी अवस्था उद्‌भवू शकते. ‘उद्यापासून थेंबही घेणार नाही’ असा निश्चय करून कोणी खोलीत स्वतःस कोंडून घेतो, तेव्हा निश्चय प्रामाणिक असूनही जिवावर बेतू शकते. पूर्वी झटके आलेले असल्यास किंवा सकाळी उठताच मद्य घ्यावे लागत असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे. योग्य औषधे व थायामीन (ब१ जीवनसत्त्व) दिल्यास हा काळ सहसा सुखरूप पार पडतो. धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्याशी संलग्न रुग्णालये या भागातील प्रमुख शासकीय रुग्णालये होत.

डायसल्फिरॅम हे औषध घेतलेल्या व्यक्तीने मद्य घेतल्यास उलट्या, धडधड व रक्तदाबात घट अशी तीव्र प्रतिक्रिया होते. ते रुग्णाच्या नकळत जेवणातून देण्याचा प्रकार काही घरांत आढळतो. असे करणे धोक्याचे असून त्यामुळे रुग्णाचा घरच्यांवरील विश्वासही नष्ट होतो.

कुटुंबीय व स्त्रिया : मद्यासक्ताच्या घरातील माणसे पैशाची चणचण, मारहाण, खोटेपणा व सततची धास्ती यांनी खचतात. त्यांच्यासाठी विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये ‘अल्-अनॉन’ ही स्वतंत्र संघटना उभारली. किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ हे गट १९५७ मध्ये सुरू झाले. पतीच्या पिण्याचे कारण आपण नाही व त्याला बळजबरीने थांबविणेही आपल्या हाती नाही, ही जाणीव पत्नीस येणे, हे या सभांचे पहिले फलित होय. कामावर गैरहजेरीची खोटी कारणे कळविणे, उधारी फेडणे, बाटली लपविणे यांसारख्या उपायांनी पिणे थांबण्याऐवजी लांबते, हेही तेथे इतर स्त्रियांच्या अनुभवावरून उमगते. पती सभेस जात नसला, तरी पत्नी अशा गटात येऊ शकते.

स्वतः मद्यासक्त असलेल्या स्त्रियांची अडचण अधिक आहे. पुरुषाच्या मद्यपानास समाज खपवून घेतो. स्त्रीच्या मद्यपानाकडे चारित्र्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. पुरुषांनी भरलेल्या सभेत एकटीने जाणे लहान शहरातील स्त्रीस दुष्कर असते. दूरध्वनीवरून स्त्री-सभासदाशी संपर्क साधणे व स्त्रियांच्या दूरदृश्य सभांस उपस्थित राहणे, हे मार्ग त्यांना अधिक सोयीचे ठरतात.

मूल्यमापन : निनावीपणामुळे या सभांच्या परिणामांचे मोजमाप दीर्घकाळ कठीण मानले जाई. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या समीक्षेत २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींच्या माहितीचा विचार करण्यात आला. मद्यापासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत, ए. ए. कडे पद्धतशीरपणे वळविणारे उपचार हे इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा अधिक परिणामकारक असल्याचे तीत आढळले. अन्य बाबतींत ते बहुतांशी तुल्यबळ ठरले. यांतील बहुसंख्य अभ्यास पाश्चात्त्य देशांतील आहेत, हे लक्षात घ्यावयास हवे.

ए. ए. च्या पद्धतीवर आक्षेपही घेतले जातात. हतबलतेची कबुली काहींना आत्मविश्वास खच्ची करणारी वाटते, तर ईश्वरविषयक भाषा काहींना मानवत नाही. अशांसाठी १९९४ मध्ये अमेरिकेत ‘स्मार्ट रिकव्हरी’ ही धर्मनिरपेक्ष संघटना निघाली. ज्यांना नैराश्य वा अन्य मनोविकार आहे, त्यांना केवळ सभेने भागत नाही व औषधोपचार चालू ठेवावे लागतात. प्रत्येक गट स्वायत्त असल्याने गटागटांत फरक पडतो; एका गटात न रमलेला मनुष्य दुसऱ्यात रमू शकतो.

बरेच मद्यासक्त एकाच प्रयत्नात मद्यमुक्त होत नाहीत. पुनःपतनास सभासद ‘स्लिप’ म्हणतात. घसरलेला सभासद परत आला, म्हणजे तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू लागतो. त्याला जाब न विचारता त्याच्यासाठी खुर्ची सरकविली जाते व चहा पुढे केला जातो. जुन्या सभासदांनाही त्याच्या बोलण्यातून आपल्या पहिल्या दिवसाचे स्मरण होते. नवागताइतकीच ही सभा त्यांनाही आवश्यक असते.